कळल्याची तारीख

मखमलाबाद रस्त्यालगतच्या नव्या इमारतीत आम्ही तळमजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा मी एका दैनिकात कोर्टाच्या बातम्या देत होतो. ताबा अक्षय्य तृतीयेला घेतला. मुहूर्त टळू नये म्हणून बिल्डरच्या माणसाने पुढे केलेल्या ताबा पावतीवर मी न वाचता सही केली. तीत लिहिले होते : घर तपासून घेतले, तक्रार नाही.

कलश आत नेताना मागच्या भिंतीशी पन्नाशीची एक बाई दिसली. भिंतीच्या पायथ्याशी सात खडे मांडून ती त्यांना हळदकुंकू लावत होती. पूर्वी इथे आमचा भाजीचा मळा होता, एवढेच ती म्हणाली. बायकोने तिची ओटी भरली. दारी आलेली सवाष्ण पूजा करत असेल तर कसली, असे विचारायचे नसते. पुढच्या दोन्ही वर्षी त्याच दिवशी ती आली. बायको ओटी भरत राहिली.

दरम्यान आम्ही काही गोष्टींची सवय करून घेतली होती. लाटणे खाली पडले की फ्रिजच्या कोपऱ्याकडेच घरंगळत जाई. मे महिन्यात सगळे घर तापे, त्या कोपऱ्यातली फरशी थंडगार राही. दुपारी शेजारच्या मळ्यातली मोटर सुरू झाली की फरशीखालून आवाज येई, कुणी सावकाश घोट घेतल्यासारखा. मोटर थांबली की तोही थांबे. प्लंबरने दोनदा तपासले. तिथून पाइप जातच नव्हता.

ताब्याला तीन वर्षे झाली त्या अक्षय्य तृतीयेला बाई आली तेव्हा भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. तिने खडे मांडले नाहीत.

"ताई, तुमची शेगडी कुठं हाय?"

बायकोने खिडकीतून फ्रिजला लागून असलेली शेगडी दाखवली.

"मंग इहीर तिथंच. आमची इहीर. साती आसरा हायेत तिच्यात. बिल्डरनं बुजवली नाय, वर नुसता सिलॅप टाकला. म्या बघितलं ना."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. सात खडे त्यांचे होते.

आम्ही जिल्हा ग्राहक मंचात तक्रार केली. मंचाने नेमलेल्या इंजिनिअरने फरशीला भोक पाडून, लोखंडी नट बांधलेली दोरी आत सोडली. दोरी संपली. वर ओढली तेव्हा शेवटचा चारेक हात भाग ओला होता.

दोष सिद्ध झाला. प्रश्न मुदतीचा राहिला. तक्रार दोन वर्षांत करायची असते आणि ताबा घेऊन तीन वर्षे झाली होती. दोष दडवलेला असल्याने मुदत तो कळल्यापासून मोजावी, असे आमच्या वकिलांचे म्हणणे होते. आम्हाला तो पहिल्याच वर्षी कळला होता असे ठरले असते, तर ते घर कायमचे आमच्या गळ्यात पडले असते.

बाईला साक्षीला बोलावले. बिल्डरच्या वकिलाने विचारले, "पहिल्या वर्षीही यांच्यादेखत पूजा केलीत?"

"व्हय. दरसाल."

"मग विहिरीचं सांगितलंच असेल."

"नाय."

"ओटी घेतलीत आणि बोलला नाहीत? आम्हाला खुळे समजता का, बाई?"

"तुमचं तुमी बघा. मला वाटलं, यांला ठावं हाय. ठावं हाय म्हनूनच वटी भरत्यात."

अध्यक्षांनी लिहिता लिहिता मान वर केली.

निकाल आमच्या बाजूने लागला. कळल्याची तारीख भेग पडली त्या वर्षीची धरली. डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषासाठी ताबा पावतीची ढाल करता येणार नाही, असेही मंचाने लिहिले. आमचे पैसे परत मिळाले, आम्ही बिल्डरला चाव्या दिल्या. पुढच्या गिऱ्हाइकाला विहीर सांगावी, असे निकालात कुठेच नव्हते.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला बायको मला घेऊन तिथे गेली. भेग बुजवून रंग दिला होता. खिडकीला पडदे होते. मळ्याची बाई येऊन गेलेली असावी, खड्यांवरचे कुंकू ओले होते. आम्ही तिथे उभे असताना मागच्या दारातून एक तरुण बाई तबक घेऊन बाहेर आली. पूजा बायकोनेच केली, असे तिला वाटले. हसून तिने बायकोला कुंकू लावले आणि तांदूळ-नारळ पुढे केला. विचारले काहीच नाही.

बायकोने पदर पसरला नाही. आत काहीतरी पडले आणि घरंगळत गेले.

"घरात कागद-पेन आहे?" बायकोने विचारले. "आजची तारीख लिहून ठेवा. मग सांगते."