नट-फ्री इंटरनॅशनल नाइट

डॅलसजवळच्या एका प्राथमिक शाळेची मी प्रिन्सिपॉल आहे. हे ऐकून भारतातले नातेवाईक मला मोठी साहेबीण समजतात. प्रत्यक्षात रोज सकाळी मी भडक पिवळं जॅकेट घालून गाड्यांच्या रांगेत उभी असते आणि वॉकीटॉकीवर ओरडत असते. मग कुणाचा पडलेला दात शोधायचा, तुंबलेल्या बेसिनसाठी माणूस बोलवायचा. वर्षातून एकदा इथल्या सगळ्या शाळा चालवणारं डिस्ट्रिक्ट आम्हाला आपापल्या 'लीडरशिप व्हॅल्यूज' लिहायला लावतं. मी दरवेळी 'ऐकून घेणं' असं लिहिते. दिवसभर दुसरं काही करायला मिळतच नाही.

शाळेत मराठी मुलं बरीच आहेत आणि त्यांच्या आयांना माझं भारी कौतुक. त्या मला ताई म्हणतात. एकदा ताई म्हटलं की शाळेचे नियम आपोआप सैल होतात, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे.

गेल्या वर्षी इंटरनॅशनल नाइटच्या आधी, म्हणजे देशोदेशीचे पालक आपापले पदार्थ मांडतात त्या संध्याकाळच्या आधी, दुसरीतल्या एका मुलीची आई तिला घेऊन मला भेटायला आली. मुलीला शेंगदाण्याची भयंकर ॲलर्जी. नुसता हाताला लागला तरी अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. त्यामुळे जिथे खाणं असेल अशा शाळेच्या एकाही कार्यक्रमाला ती कधी आली नव्हती. त्या वर्षी मात्र तिनं हट्ट धरला होता. मी वाकून तिला म्हटलं, तू ये, मी बघते सगळं. तिनं करंगळी पुढे केली आणि माझ्या करंगळीत अडकवून माझ्याकडून प्रॉमिस घेतलं.

मग मी कामाला लागले. घरोघरी ईमेल पाठवले, दारांवर सूचना लावल्या, मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतः लिहिलं की शेंगदाणा अजिबात चालणार नाही. सगळ्यांनी हात जोडल्याच्या इमोजी टाकल्या.

त्या संध्याकाळी कॅफेटेरियाच्या दारातच मला ओळखीचा खमंग वास आला. मराठी टेबलामागे पैठण्या नेसलेल्या चौघी मोठ्या हौसेनं वाढत होत्या. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी.

"यात दाणे आहेत?" मी विचारलं.

"छे हो ताई. शिऱ्यातले काजूसुद्धा स्किप केले आम्ही," एक म्हणाली. "दाणा एक नाही. कूट आहे फक्त."

"आणि कूट कशाचं असतं?"

शेजारची मदतीला धावली. "पण ताई, कुटाशिवाय खिचडी कशी करणार?"

मला संताप आला, पण त्यांना तरी काय बोलणार? आमच्या बायकांचा हात कुटाच्या डब्याकडे आपोआप जातो. मीठ घातलं का म्हणून विचारतील, कुटाचं कुणी विचारत नाही. तोवर खिचडी गाजली होती. डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडंट दुसऱ्यांदा वाढून घेत होते, आणि मुलं तेच खिचडीचे हात घेऊन खुर्च्यांपासून दारांपर्यंत सगळीकडे बागडत होती.

मी माइक घेतला आणि खाणं थांबवलं. पातेली बाहेर काढली. सुपरिंटेंडंटच्या हातातली प्लेट मी स्वतः काढून घेतली. "आपलीच बाई असून," असं पैठण्यांमधून मला नीट ऐकू येईल इतक्या हळू आवाजात आलं. आम्ही टेबलं पुसली, मुलांना हात धुवायला पाठवलं. शाळेच्या नर्सनं हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाली, आज त्या मुलीला आत आणू नका.

तिच्या आईची गाडी पार्किंगमध्ये येऊन थांबली होती. मागच्या सीटवर ती नवा चमचमता फ्रॉक घालून, बेल्ट काढून उतरायच्या तयारीत बसली होती. मी खिडकीशी जाऊन सांगितलं. तिनं रडून गोंधळ घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

"इट्स ओके," ती म्हणाली. "आय ॲम यूज्ड टू इट." आणि तिनं स्वतःच बेल्ट लावून घेतला. गाडी गेल्यावर मी तिथेच उभी राहून रडले.

पुढच्या महिन्यात सगळ्या प्रिन्सिपॉल्सच्या मीटिंगमध्ये सुपरिंटेंडंटनी माझी गोष्ट रंगवून सांगितली. क्षणात निर्णय, खंबीर नेतृत्व, आणि मुख्य म्हणजे एकाही मुलाला त्रास झाला नाही, असं ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले आणि थँक यू म्हणाले.