चारशे बारा वेळा वाजलेलं गाणं

इंटरनेटवर नवे, फारसे कुणाला ठाऊक नसलेले बँड शोधायचा नाद मला चेन्नईत, चाळिशीनंतर लागला. अड्यारच्या चार विद्यार्थ्यांचं एक गाणं तर मी दोन महिने रोज सहा वेळा ऐकलं. गाण्याखाली ते किती वेळा वाजलं याचा आकडा दिसे. तो चारशे बारावर गेला, तेव्हा त्यांनी आनंदाने जाहीर केलं की आता चारशे श्रोते झाले, म्हणून आम्ही पहिल्या कार्यक्रमासाठी दोनशे खुर्च्यांचं सभागृह घेतोय.

त्यातले तीनशे साठ माझेच होते.

"अहो, मग कळवा ना त्यांना," बायको म्हणाली.

"काय कळवू? तुमचे श्रोते म्हणजे मी एकटा?"

त्याऐवजी मी आमच्या मराठी मंडळातल्या अकरा जणांना आग्रह केला. दोघे आले, तेही भावगीतं असतील असं समजून. सुरू व्हायच्या वेळी सभागृहात आम्हाला धरून एकोणीस माणसं होती. गळ्यात गिटार अडकवलेली गायिका पहिल्या रांगेपाशी आली आणि मला म्हणाली, "अंकल, ट्रॅफिकमध्ये अडकले असतील ना सगळे? पंधरा मिनिटं थांबू?"

तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "वीस थांबा."