जत्रेतला काटा

नातवाच्या बॉक्सिंगच्या हातमोज्यांना घामेजलेल्या कातड्याचा वास येतो. तो नाकात शिरला की मी मिरजेच्या जत्रेत जाऊन उभी राहते.

लढाईचे दिवस होते. हे रजेवर आलेले. पलटणीत बॉक्सिंगमध्ये ह्यांच्यापुढं कुणी टिकत नसे, म्हणून गावकऱ्यांनीच ह्यांना ठोसा मोजायच्या यंत्रापुढं ओढत नेलं. कातड्याची गादी आणि वर घड्याळासारखा काटा. आधी आमच्या गावच्या पैलवानानं अंगाचा सगळा भार घालून गादी रेटली. काटा टोकाला गेला, घंटा वाजली. मग ह्यांनी मारलं. हात गेला कधी, आला कधी, दिसलंच नाही. काटा अर्ध्यावर जाऊन परतला.

"सरकारी भाकरीनं हात मऊ झाला व्हय रं?" पैलवान म्हणाला. सगळे हसले. मीही पदराआड हसले.

ह्यांनी काट्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. "अगं, ह्ये रेटा मोजतंय, ठोसा न्हाई."

मला ती सबब वाटली. चार दिवसांनी हे लढाईवर गेले. परत आली ती नुसती पेटी, आत हातमोजे.

काल नातवानं तालमीतलं ठोसा मोजायचं नवं यंत्र दाखवलं. झटक्यात मारलं तर आकडा कमी, रेटून मारलं तर जास्त.

"आज्जी, ह्याचं काय खरं न्हाई बघ."

"न्हाईच रं," मी म्हणाले.

एवढंच तर त्या दिवशी, त्या माणसांपुढं, मी म्हणायला हवं होतं.