प्रतिबंधाची गोळी आणि अकोल्याचा बाक

"तुम्ही जरा आत या. बाईंना बाहेरच बसू द्या," असे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, तेव्हाच मला खटकले होते. मोतीबिंदू माझ्या पत्नीचा, रक्त तिचे, रिपोर्ट तिचा. मग तो ऐकायला आधी नवरा कशाला? तरीही मी आत गेलो. डॉक्टरांनी दार लावले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत तिची एचआयव्हीची चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली होती. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे रक्तात त्या विषाणूची खूण सापडली. ती पक्की करण्यासाठी पुढे आणखी तपासण्या कराव्या लागतात.

"त्यांना सांगायचं की नाही, ते आता तुम्हीच ठरवा," डॉक्टर म्हणाले.

"रुग्ण ती आहे. तिला आत बोलवा आणि मला बाहेर काढा. मी आत बसावे की नाही, हे ती ठरवील," मी म्हणालो.

तिने मला बसू दिले. सगळे ऐकून घेतले, चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारले, "मंग डोयाचं ऑपरेशन होईन का नाही?"

अमरावतीत, आमच्या राजापेठेत अजून सांगतात की ती तिथे भोवळ येऊन पडली, आणि मी टेबलावर मूठ आपटली. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. आमच्या प्रकरणात खोट्या हकिकती इतक्या झाल्या की, ज्यांच्या घरी उद्या असाच कागद येईल त्यांच्यासाठी तरी खरी हकिकत लिहून ठेवावी, असे मला वाटले.

मी अमरावतीचा. आयुष्यभर दिवाणी दाव्यांत वकिली केली. पहिली पत्नी वारल्यानंतर पुष्कळ वर्षे एकटा राहिलो. ही माझी दुसरी पत्नी अकोल्याकडची, शेतकरी घरातली, निवृत्त शिक्षिका. तिचे पहिले यजमान क्षयाने गेले, त्यालाही बरीच वर्षे झाली. आम्ही सत्तरीला टेकल्यावर लग्न केले, हे दोन्ही घरांना मानवले नाही. मी तिला 'बाई' म्हणतो; ती मला 'वकीलसाहेब' म्हणते.

सरकारी रुग्णालयात निदान पक्के झाले. माझीही चाचणी झाली. ती निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी सांगितले की, एवढ्याने भागत नाही. लागण झाल्यावर काही काळ ती चाचणीत दिसत नाही, त्याला विंडो पिरिअड म्हणतात, म्हणून पुन्हा तपासू. पुन्हा तपासले. पुन्हा निगेटिव्ह.

मला लागण नव्हती, तिला होती. तिला ती कुठून झाली, हे मी लिहिणार नाही. तसा मी शब्द दिला आहे. साक्षीदारांना उलटसुलट प्रश्न विचारण्यात माझी हयात गेली. हा एक प्रश्न मी तिला विचारला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

तिचा सीडीफोर खाली गेला होता. सीडीफोर म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पेशींची मोजणी. अंगात बारीक ताप होता, वजन उतरले होते. आम्ही ते वयावर ढकलत आलो होतो. तिला एआरटी सुरू झाली. या गोळ्या रोज आणि जन्मभर घ्यायच्या. त्या विषाणूला मारून टाकत नाहीत, पण वाढू देत नाहीत. रक्तातला विषाणू किती, हे सांगणाऱ्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. तो मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, की संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही. पण तिथवर पोचायला काही महिने लागतात.

"या काळात निरोध वापरायचा. शिवाय जोडीदारासाठी प्रेप असते," एक तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. प्रेप म्हणजे प्री-एक्सपोजर प्रोफिलॅक्सिस, विषाणूशी गाठ पडण्याआधीपासून निरोगी माणसाने घ्यायचे प्रतिबंधक औषध. रोज एक गोळी. मग त्या अडखळल्या. "पण काका, म्हणजे तुमच्या वयात... तसं काही..."

"डॉक्टर, प्रश्न अर्धवट विचारला तर उत्तरही अर्धवट मिळते. आम्ही नवरा-बायको आहोत, सगळ्या अर्थांनी. लिहून घ्या."

कोपऱ्यातली नर्स खिडकीबाहेर पाहू लागली. बाई मात्र, त्या दिवसांत पहिल्यांदाच, हसल्या. "घ्या लिहून, डॉक्टर. घरी बी असेच कोर्टातल्यावानी बोलून राह्यतात."

वयाचा खरा प्रश्न होता तो मूत्रपिंडांचा. ही गोळी मूत्रपिंडांवर भार टाकू शकते, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात. मूत्रपिंडे रक्त नीट गाळतात की नाही, हे त्यावरून कळते. काविळीच्या विषाणूचीही तपासणी झाली. सगळे पुरेसे ठीक निघाले, तेव्हा गोळी सुरू झाली. सकाळी पूजा आटोपली की मी ती तांब्यातल्या पाण्याबरोबर घेत असे. सुरुवातीला थोडी मळमळ झाली, मग तीही गेली. माझ्या वयाच्या वाचकांना एवढेच सांगतो: डॉक्टर विचारायला संकोचले तर आपण विचारावे, आणि तपासणीवाचून, दुसऱ्याचे पाहून, ही गोळी कधीही घेऊ नये.

घरी मात्र गोळीचा काही उपयोग होत नव्हता. बाईंनी आपले ताट, पेला, चमचा वेगळा काढला. अंथरूण समोरच्या खोलीत नेले. ताटावाटीतून हा रोग पसरत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले होते, मी रोज सांगत होतो. शिक्षिका असून ती ऐकेना. "तुमची ती गोई तुमच्यासाठी हाय, माया मनासाठी नाई," म्हणाली.

आमचे घराणे भिक्षुकीचे. मी कोर्टात गेलो, तरी लहानपणापासूनचे उष्ट्या-खरकट्याचे नियम सुटले नाहीत. कुणाच्या पेल्याला मी तोंड लावलेले नाही. पहिल्या पत्नीच्या नाही, मुलाच्याही नाही. एका सकाळी बाईंनी अर्धा चहा पिऊन कप खाली ठेवला. मी तो उचलला आणि उरलेला चहा प्यालो.

ती पाहतच राहिली. "काऊन हो, तुमच्या बापजाद्यांनं पाह्यलं असतं तं?"

"त्यांनी हरकत घ्यायला हवी होती. मुदत संपली."

त्या दिवशी तिने अंथरूण परत आणले. त्यानंतरचे थोडे आठवडे आम्ही दोघे एकाच खोलीत, निर्धास्त राहिलो. त्या गोळीने मला काय दिले, असे कुणी विचारले तर हेच सांगेन. माझा जीव वाचला, हे डॉक्टर सांगतात ते दुय्यम आहे. मला रात्री कूस बदलताना विचार करावा लागला नाही, आणि तिला माझ्यासाठी भ्यावे लागले नाही.

ते टिकले नाही. गोळी मी राजापेठेतल्या दुकानातून, चिठ्ठीवर घेत होतो. तिथे कुणीतरी नाव वाचले. त्याच गोळीतली औषधे रुग्णांनाही देतात, हे अर्धे ज्ञान गावात फिरले. वकीलसाहेबांना एड्स झाला. वकिलांच्या खोलीत जुने सोबती माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसू लागले. एकाने तर मला ऐकू जाईल असे म्हटले, "बुढ्यानं म्हातारपनी लगन केलं, अन् हे बक्षीस भेटलं!"

पुण्याहून माझ्या मुलाचा फोन आला, "बाबा, त्या बाईने तुम्हाला फसवलं." मी फोन ठेवला. ती आवृत्तीही खोटी होती. तिला स्वतःला ठाऊक नव्हते.

माझा निगेटिव्ह रिपोर्ट टेबलावर ठेवला असता, तर त्या खोलीतली सगळी तोंडे बंद झाली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता की, गोळी कुणापायी? मी रुग्ण नाही म्हटले की बोट तिच्याकडे जाणार. म्हणून मी, ज्याने हरलेल्या दाव्यांतही शेवटपर्यंत हार मानली नाही, तो लोकांना हवे ते म्हणू देऊन बसलो.

मग तिचा मुलगा आला. अकोल्यात त्याचे बी-बियाण्यांचे दुकान आहे. अफवा तिथवर गेली होती. त्याने आईला विचारले; तिने स्वतःची लागण नाकारली नाही, फक्त ती कुठून ते सांगितले नाही. तो माझ्यासमोर उभा राहिला. बसला नाही.

"माया बाप देवमानूस होता. आमच्या घरात असं कधी नव्हतं. हे तुमी आनलं माया मायले."

मी तोंड उघडले. मला लागण नाही, एवढ्या एका वाक्याचे काम होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले, आणि मी तोंड मिटले.

आईला अकोल्याला न्यायचे म्हणून तो तिची पिशवी भरायला आत गेला, तेव्हा ती हळू आवाजात बोलली. "त्याच्या घरी बापाचा फोटो हाय. रोज हार घालते तो. त्याले तेवढंच हाय, वकीलसाहेब."

"मी काही बोलणार नाही. तुम्ही इथेच राहा."

"मी राह्यली तं तो रोज येईन, रोज भांडन. अन् एक दिवस तुमच्या तोंडातून निंगून जाईन. तुमाले चूप बसता येत नाई."

ती गेली.

लोक म्हणतात, मी तिला हाकलले. लोक म्हणतात, ती पळून गेली. लिहिणाऱ्याने आपली बाजू मांडावी, म्हणून मांडतो: मी दारात उभा होतो, आणि गाडी वळेपर्यंत तिने मागे पाहिले नाही, कारण मुलगा आरशातून पाहत होता.

मी गोळी चालू ठेवली. डॉक्टरीणबाईंनी समजावले, "काका, संपर्कच नाही, तर गोळी कशाला?" मी म्हणालो, "संपर्क नाही ही तात्पुरती स्थिती आहे. गोळीचा परिणाम उभा राहायला काही दिवस लागतात, असे तुम्हीच सांगितले होते. ती उद्या आली, तर तिला थांबायला लावू?" त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. रिकाम्या घरात, पूजा झाल्यावर, मी रोज गोळी घेत होतो. त्या काळाविषयी अधिक लिहीत नाही. एक कप चहा करण्याची मला सवय नव्हती, एवढेच.

तिचे उपचार अकोल्याच्या एआरटी केंद्रात वर्ग झाले होते. महिन्याला एकदा औषध घ्यायला जावे लागते. मुलगा तिला फाटकापाशी सोडत असे. कुणी ओळखीचा पाहील या भीतीने आत पाऊल टाकत नसे. हे तिने फोनवर सांगितले, आणि मी बडनेरा स्टेशनवरून अकोल्याची गाडी धरली.

त्या केंद्रात, औषधाच्या खिडकीसमोर, भिंतीला लागून एक बाक आहे. आमचा संसार मग त्या बाकावर झाला. मी लवकर जाऊन जागा धरी. ती आली की आधी माझा चेहरा पाही आणि म्हणे, "दाढी बराबर केली नाई." मी तिचे वजन विचारी. ती डब्यात काहीतरी आणी. मी पाण्याची बाटली. तिने अर्धे पाणी प्यायचे, अर्धे मी. शेजारी बसलेली माणसे आम्हाला दोघांनाही रुग्ण समजत. एका म्हाताऱ्याने मला विचारले, "तुमचं किती सालापासून हाय?" मी म्हणालो, "अलीकडचेच." बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. बाहेर आल्यावर म्हणाली, "साधं खोटं बोलता येत नाई तुमाले. 'अलीकडचेच' म्हने!"

दर वेळी मी विचारत असे, "घरी चलता?" दर वेळी ती खिडकीसमोरच्या रांगेकडे पाहत असे.

ती सुधारत गेली. ताप गेला, सीडीफोर चढला, डोळ्याचे ऑपरेशनही झाले. आणि एकदा रिपोर्ट आला: व्हायरल लोड सापडतच नाही. त्याच सुमारास माझे क्रिएटिनिन वाढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता मी ऐकणार नाही. आजींकडून तुम्हाला धोका उरलेला नाही. गोळी बंद." मी वाद घातला नाही. वाद घालायला मुद्दाच नव्हता. औषधाने सांगितलेले सर्व काम केले होते. त्याच्या हाती नव्हते तेवढेच राहिले.

पुढच्या फेरीत अकोल्याचे डॉक्टर हसून म्हणाले, "अभिनंदन, आजी! तब्येत स्थिर आहे. आता दर महिन्याला यायची गरज नाही. तीन महिन्यांचं औषध एकदमच देतो."

मी उठून उभा राहिलो. "डॉक्टर, नियम काय आहे? रुग्णाला दरमहा तपासण्याचा हक्क..."

"अहो काका, तुमचीच धावपळ वाचेल!"

बाईंनी माझी बाही ओढली. "बसा, वकीलसाहेब. ही केस आपुन जितलो हावो."

मी बसलो. मग मीच विचारले, हे सगळे लिहू का? ती म्हणाली, "लिहा. कोनाच्या तरी कामी येईन. त्याच्या बापाचं लिहू नका."

"मुलाने वाचले आणि ओळखले तर?"

"तं विचाराले येईन. मंग मी सांगीन. तुमी नका सांगू."

तिला घरी परतायला तेवढी एक वाट उघडी आहे. ती उघडी ठेवण्यासाठीच हे लिहिले, हेही मी लपवत नाही. एरवी माझी आशा फारशी उरलेली नाही. त्या तरुण डॉक्टरीणबाईंचा मी ऋणी आहे. त्यांनी संकोच केला, पण उत्तर ऐकून घेतले. त्या गोळीचाही ऋणी आहे. ज्यांच्या घरी असा कागद येईल त्यांनी तिची चौकशी जरूर करावी. ती मिळते, ती काम करते. बाकीच्या गोष्टींसाठी मला अजून औषध सापडलेले नाही.

फाटकाबाहेर मुलगा मोटरसायकलवर पाठ करून बसला होता. जाताना तिने माझी बाटली घेतली, दोन घोट प्याली, आणि परत दिली. पुढची तारीख पडली आहे, दूरची आहे. मी हजर राहीन. अकोला स्टेशनच्या फलाटावर पाहिले, तर बाटलीत तळाशी पाणी उरले होते. तिने माझा अर्धा भाग मोजून ठेवला होता. मी तो प्यालो.