मागच्या चटईवरचा प्याला

भर चर्चात पाळकसाहेबांनी माझ्या मायच्या ओठांपासून प्याला ओढून घेतला. दोन थेंब तिच्या हनुवटीवरून लुगड्यावर सांडले. मग त्यांनी पांढऱ्या फडक्यानं प्याल्याचा काठ पुसला. मंडळीकडे पाहिलं, आणि पुन्हा पुसला.

"बाई, हे प्रभूचं मेज आहे. तुमच्या तळ्याकाठचं घर नाही."

मी बाजूलाच उभा. हातात रसाचा चंबू, अंगात मिशनचा पांढरा सदरा. तोंडात जीभ होती, पण त्या दिवशी ती सुट्टीवर.

आम्ही ढिवर. आरमोरीकडच्या एका तळ्यावर जाळं टाकणारे. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्यातली काही घरं ख्रिस्ती झाली. मी जरा शिकलेला, म्हणून चर्चात सेवक झालो. घंटा वाजवायची, चटया घालायच्या, प्रभुभोजनाला येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घोटघोट घ्यायचा रस करायचा. पाळकसाहेब नागपूरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. पण आजोबांच्या आधी आपण कोण होतो हे न विसरलेले.

ते सांगायचे, देवानं जुना करार मोडला आणि नवा केला. जुनी निवडलेली प्रजा, म्हणजे यहुदी, बाहेर गेली, आता निवडलेले आपण. मला हे फार आवडलं. कुणाला तरी हाकलून त्याच्या जागी बसायचं, आणि तेही देवाच्या हुकमानं! यहुदी मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून ती बाहेरची जागा मी ख्रिस्ती न झालेल्या माझ्या सख्ख्या मामाला देऊन टाकली. त्याच्या दारात उभं राहून म्हटलं, "तुमी बाहेरचे."

मामा जाळं विणत होता. म्हणाला, "बरं हाय भाऊ. निवडल्या गेला तू. मासोळी मात्र आमच्याचकडून नेजो."

चर्चात प्याला एकच. आधी बाकावरची जुनी ख्रिस्ती घराणी प्यायची, मग मागं चटईवर आम्ही. चटईवरून प्याला बाकाकडे कधी परत जात नसे. बाकावर कुणी उशिरा आलं तर तो धुवून भरला जाई. मला त्यात काही खटकलं नाही. धुणारा मीच होतो.

रस खरा द्राक्षांचा हवा, आमचा मनुकांचा. आपल्या रानात द्राक्षं कुठली! आरमोरीच्या बाजारातून मनुका आणायच्या, भिजवायच्या, उकळून गाळायच्या. त्या महिन्यात येताना मी एक मनुका चाखली, माल चांगला आहे का बघायला. मग दुसरी. गाव आलं तोवर पुडीतल्या प्रत्येक मनुकेची माझी खात्री पटली होती.

घरी मायनं वाळवलेला मोह होता, अंगणातल्या झाडाची फुलं. वाळला की तो मनुकेसारखाच सुरकुततो. भिजवला, उकळला, गाळला. दारू नव्हती ती, नुसता गोड रस. पण वास मोहाचाच.

पाळकसाहेब प्याले. बाक प्यायला. बाकावर कुणीतरी "आज रस छान उतरलाय" असंही पुटपुटलं. मायची पाळी आली. तिनं वास घेतला आणि चेहरा असा उजळला! प्रभूच्या मेजावर तिच्या अंगणातलं काही आलं होतं. "पाळकसाहेब, मोह हाय! आपल्या घरचा!"

पुढचं वर सांगितलंच. रस मनुकांचाच आहे, असं पाळकसाहेब म्हणाले आणि मी मान डोलावली.

शिक्षा अशी की प्रभूच्या प्याल्याबद्दल खोटं बोलले हे मंडळीपुढं कबूल करेपर्यंत तिनं बाहेर पायरीवर बसायचं. पेत्र या शिष्यानं येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. मी मायला नाकारलं तेव्हा कोंबडाही आरवला नाही. तो पाळकसाहेबांकडे रविवारच्या रश्शात होता.

घरी मायनं विचारलं, "काऊन रे, मोहच होता ना?"

"होता, माय."

"मंग मले झूठी काऊन केलं?"

मी मनुकांची गोष्ट सांगितली. ती गोष्ट ऐकून आजवर सगळे हसले. माय हसली नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला ती पायरीवर होती. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, कबूल करा." तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मोह मी टाकला. मनुका मी खाल्ल्या."

बाक हसला. पाळकसाहेबही हसले, माझ्या पाठीवर थाप मारली. "खोडकर आहेस. देवानं क्षमा केली. चल, चंबू उचल."

"आणि माय?"

"त्यांनी चारचौघांत तोंड उघडलं. ते वेगळं."

चोरी माझी. क्षमा मला. खरं ती बोलली. पायरी तिला.

तेव्हा मामाचं दार आठवलं. निवडलेलं व्हायचं तर आधी कुणाला तरी बाहेर बसवावं लागतं. मी मामाला बसवलं. पाळकसाहेबांनी मायला. धडा एकच, आणि मी तो हौसेनं पाठ केला होता.

मी चंबू जमिनीवर ठेवला. "आधी तिला द्या. मग तोच प्याला तुमी प्या. न पुसता."

पाळकसाहेबांनी प्याला हातात घेतला आणि फडक्यानं पुसला. त्या दिवशी त्याला अजून कुणाचाच ओठ लागला नव्हता.

मी बाहेर आलो. माय उठली. "आता बोलून राह्यला?" एवढंच म्हणाली आणि पुढं चालू लागली. मी हात धरायला गेलो, तिनं दिला नाही. पुन्हा ती त्या पायरीवर आली नाही, आणि त्यात पाळकसाहेबांपेक्षा माझा वाटा मोठा आहे.

येशूला मी सोडलं नाही. त्याचा करार मानतो. पण कुणी मला निवडलेला म्हणालं, की मी आधी विचारतो, बाहेर कोण बसलंय? तो माणूस आत येऊन पहिला घोट घेईपर्यंत मी ओठ लावत नाही. कुठल्याच प्याल्याला.