आधी पाणी, मग नाव
मी घाटघरची सोनीबाई. माझी लेक प्राची पुण्यात कंपूटरवरचे गेम बनवते. तिच्या नव्या गेममधी खेळणारा घाट चढून आमच्या गावात येतो. तिचा साहेब म्हणाला, "आल्या आल्या नाव विचार आणि लढाईत ढकल, नाहीतर लोक कंटाळतील."

प्राची ठाम राहिली. घाट चढून आलेल्याला आमी आधी पाणी देतो, मग नाव विचारतो. गेममधी दारातली बाई तेच करते, अन् तिचा आवाज माझा हाय!

पाणी न पिता पुढं पळालेल्याला नाव कोण विचारंल? शेवटपर्यंत सगळं गाव त्याला नुसतं 'पावणं' म्हणतं.

साहेब पहिल्यांदा खेळला, तवा पावणंच राहिला.