शाईमामींच्या महालक्ष्म्या

शाईमामी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, खिशाकडे बघत. समोर साक्षात राष्ट्रपती उभे राहिले असते, तरी आधी त्यांच्या खिशाखाली निळं काही उतरलंय का ते त्यांनी तपासलं असतं आणि मग नमस्कार केला असता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याला हैदराबादेत कंप्युटरच्या कंपनीत नोकरी लागली आणि पुण्याहून बाडबिस्तरा घेऊन आम्ही बरकतपुऱ्यात त्यांच्या माडीवर भाडेकरू म्हणून आलो. घरमालकीणबाई दारात उभ्या. मी वाकून नमस्कार करतेय, तर बाईंची नजर माझ्या डोक्यावरून नवऱ्याच्या छातीवर. म्हणाल्या, "कालचा आहे. अजून निघंल. काढा शर्ट." जिन्यात, हमालांच्या देखत, माझा नवरा बनियनवर आला. संध्याकाळी शर्ट परत आला तो असा पांढरा की शेजारी टांगलेल्या बाकीच्या शर्टांनी लाजेनं माना खाली घातल्या. मी तिखटमीठ लावत नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

खरं नाव सुमन. पण अख्ख्या गल्लीत त्यांना शाईमामीच म्हणत. एकदा दारावरून वरात चालली होती. बँडचा दणदणाट, घोड्यावर नवरदेव, अंगात पांढरीशुभ्र शेरवानी. मामी ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "थांबवा रे! खिशाला पेन लावून लग्नाला कोण निघालं?" खरोखरच शेरवानीवर शेंगदाण्याएवढा डाग होता. वरात थांबली. नवरदेव मामींच्या अंगणात लाजून स्टुलावर बसला, बँडवाल्यांनी तीन गाणी जास्तीची वाजवली आणि घोड्यानं मोगऱ्याचं एक झाड मुळासकट खाल्लं. मुहूर्त टळता टळता राहिला, पण डाग गेला. पुढे त्या जोडप्याच्या मुलाच्या मुंजीचं पहिलं आमंत्रण मामींना होतं. मात्र निवडणुकीच्या दिवशी एक गृहस्थ बोट पुढे करून आले, तेव्हा मामींनी त्यांना फाटकापर्यंत हाकललं. "कपडा आणा, काढते. बोटावरची शाई सरकारची आहे. तिला मी हात लावत नाही."

डागाबद्दल त्यांचं एक तत्त्व होतं. "डाग म्हणजे बिनबोलावता पाहुणा बघ. आल्याबरोबर चहा पाजून वाटेला लावावा. एकदा मुक्काम पडला की घरचाच होऊन बसतो." मी एकदा नळाखाली रुमाल खसाखसा घासताना दिसले, तर वरच्या जिन्यापर्यंत आवाज आला, "अगं पुणेकरीण, काय करायलीस? नक्को रगडू! रगडलं की पसरतो. खाली जुनं धोतर घाल, कपडा उलटा कर, कडेकडून मध्ये टिपत ये. आणि गरम पाणी दाखवलंस तर बघ, जन्माचा बसतो तो." दौतीच्या शाईला दूध, ताक, लिंबू आणि मीठ. एवढ्यावर त्यांनी निम्म्या हैदराबादचे कारकून सांभाळले होते.

पण दिवस बदलत होते. गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या, दुकानांत फॉरेनचा माल उघड मिळू लागला आणि ज्याच्या त्याच्या खिशात वापरा आणि फेका म्हणून निघालेली ती लाल टोपणाची, निळ्या शाईची पेनं आली. साबणावर फुकट, चहापत्तीवर फुकट, साडीवर फुकट. मामींना त्यांचा मनस्वी राग. "फेकायचं म्हणूनच जे बनवलंय, ते धड कशाला बनवतील?" त्या शाईला ताक म्हणजे पंचपक्वान्न, पिऊन आणखी गडद व्हायची. तिच्यासाठी मामी कोठी भागातल्या दवाखान्यातून स्पिरिट आणत. पण ती बाटली उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. बाहेरच्या कोनाड्यात, पायपुसण्याच्या वर. कारण स्पिरिट म्हणजे दारू आणि मामींचं सोवळं म्हणजे... मी एकदा त्यांच्या वाळत घातलेल्या लुगड्याकडे नुसतं टक लावून पाहिलं, तर त्यांनी ते पुन्हा धुतलं.

या सगळ्या दिग्विजयाच्या तळाशी मामींना एकच सल होता. घराण्याच्या महालक्ष्म्या नांदेडला, थोरल्या जाऊबाईंकडे. त्यांना सगळे अक्का म्हणत. मामी सून होऊन आल्या तेव्हापासून दर भाद्रपदात नांदेडला जायच्या आणि तिथे अक्का त्यांना ताटं पुसायला बसवायच्या. देवीला साडी नेसवायला हात लावू दिला नाही. का, तर ही हैदराबादची, हिच्या सोवळ्याचा काय भरवसा! "एकदा, फक्त एकदा माझ्या घरात, माझ्या हातानं उभ्या करायच्यात," मामी म्हणायच्या. हे सांगताना एरवी गल्ली हलवणारा तो आवाज वाटीत मावेल एवढा व्हायचा.

आणि एका वर्षी अक्कांचे गुडघे बोलले. नांदेडला उस्तवारी होईना. अक्का मुखवटे आणि साड्यांची ट्रंक घेऊन काचीगुडा स्टेशनवर उतरल्या. उतरताच अट घातली, "सुमन, हे एक वर्ष बघू. काही कमीजास्त झालं तर मुखवटे माझ्यासंगं परत. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

आवाहनाच्या आदल्या दुपारी अक्का प्रवासानं दमून आतल्या खोलीत निजल्या होत्या. मामींनी ट्रंक उघडली. मी लांबून, अंग चोरून बघत होते. सासूबाईंच्या वेळची साड्यांची जोडी, ज्येष्ठेची डाळिंबी, कनिष्ठेची मोतिया. मामींनी मोतिया साडीची घडी उलगडली आणि आतून टपकन लाल टोपणाचं पेन पडलं. समोरच्या निऱ्या यायच्या बरोब्बर त्या जागी विड्याच्या पानाएवढा निळा डाग!

माझी जीभ कुठली थांबतेय? "मामी, अहो हे अक्कांच्याच ट्रंकेत होतं! उठवा त्यांना. दाखवा!" मनात म्हटलं, इतक्या वर्षांच्या ताटं पुसण्याचं आज उट्टं निघतंय.

मामींनी माझ्या तोंडावर हात ठेवायला हात उचलला आणि सोवळ्याच्या आठवणीनं तसाच हवेत धरला. "हळू बोल. दाखवून काय होईल? अक्का म्हणतील, देवीला इथं यायचंच नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं मुखवटे नांदेडला. आणि या वयात त्यांची मान खाली गेली, तर ती मला वर करता येईल का?"

"मग दुसरी साडी नेसवा."

"सासूबाईंची जोडी मोडू देतील अक्का? नाही. हा डाग उद्या सकाळपर्यंत होत्याचा नव्हता व्हायला पाहिजे. नव्हताच."

दूध झालं. लिंबाची फोड झाली. डाग जागच्या जागी बसून हसत होता. मामींनी पेपराआड बसलेल्या मामांना गाठलं. मामा म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. आठवड्यातून एकदा बोलायचे, पण बोलायचे ते पक्कं. "अहो, देवीच्या साडीला स्पिरिट चालतं का हो?" पेपर तसूभरही हलला नाही. "देवीला चालत असेल. अक्कांना चालणार नाही."

मामींनी पदर खोचला. "पुणेकरीण, चल." मग मामांना म्हणाल्या, "अक्कांनी विचारलं तर केवडा आणायला गेलो म्हणून सांगा हो." आणि आम्ही रिक्षात. डोक्यातली युक्ती त्यांनी वाटेत सांगितली. देवाला अत्तर वाहतातच. अत्तर इतकं भर्रकन उडतं म्हणजे त्यात स्पिरिट असणारच. सुगंधाच्या नावाखाली आत गेलं की ते सोवळंच!

अफझलगंजला एका बोळात ओळखीच्या चाचांचं अत्तराचं दुकान होतं. मामींनी विचारलं, "चाचा, सबसे ज्यादा स्पिरिट किसमें है?" चाचांच्या हातातली कुपी निसटता निसटता राहिली. "तौबा करो अम्मा! बाप-दादा के जमाने से दुकान है, शराब का एक कतरा नै मिलाया. लोगां लगाके नमाज को जाते. खालिस तेल है, तेल!" मामी खजील झाल्या. "हौ चाचा, हमारे घर में भी नै चलती." मग दोन्हीकडची सोवळी माणसं एकमेकांकडे आदरानं बघत बसली. शेवटी चाचांनाच दया आली. "वो कोठी में फॉरेन का सेंट आया है, फुस्स-फुस्सवाला. उसमें भर-भर के रहती. मेरा नाम नक्को लेना."

हे राज्यात दारूबंदी असतानाचं बोलतेय. कोठीच्या त्या चकचकीत दुकानात टाय लावलेल्या पोरानं मामींच्या मनगटावर एक फवारा मारून विचारलं, "फ्रॅग्रन्स कैसा है, अम्मा?" नऊवारीतल्या, कपाळभर कुंकवाच्या मामी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वास का छोड़ रे. दारू कितनी है, वो बोल." दुकान गार पडलं. एक गिऱ्हाईक मागच्या मागे पसार झालं. पोरानं मालकाला बोलावलं, मालकानं खोके फिरवून फिरवून बारीक अक्षरं वाचली, आणि मामींनी सगळ्यात जास्त दारूची, बिनरंगाची बाटली उचलली. तिच्यावर एका दाढीवाल्या गोऱ्या पुरुषाचं चित्र होतं.

घरी येताच मामींनी आंघोळ केली, सोवळं नेसल्या, बाटलीवर गंगाजळाचे थेंब शिंपडले, हळद-कुंकू वाहिलं. दाढीवाल्याच्या कपाळीही कुंकू लागलं. मग साडीचा आतला काठ किंचित भिजवून बघितला. रंग जात नाही अशी खात्री पटल्यावर साडी उलटी केली, खाली धोतराच्या घड्या घातल्या, आणि कापसाच्या बोळ्यानं कडेकडून आत टिपायला लागल्या. बोळा निळा झाला की दुसरा. अशी एकाग्रता मी योग्यांच्या चित्रातसुद्धा पाहिली नाही. आतून अक्कांची खोकल्याची उबळ आली की मामी श्वास धरायच्या, पण हात थांबायचा नाही. कापसाचा पुडा संपला तेव्हा मामांनी आपल्या उशीचं एक टोक उसवून दिलं. दिवेलागणीला मामींनी साडी उजेडात धरली. मोतिया. नुसती मोतिया. मामी मटकन भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "भाजी निवडायची राहिली."

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उभ्या राहिल्या. मामींनी स्वतःच्या हातानं साड्या नेसवल्या. निऱ्या अशा की मोजून घ्याव्यात. फक्त एक झालं. कनिष्ठेच्या अंगाला असा काही घमघमाट येत होता की वाटावं, देवी सोनपावलांनी नव्हे, विमानानं आलीय.

अक्कांनी नाक वर केलं. "सुमन, वास कसला यायलाय?"

"अत्तर लावलंय अक्का. फॉरेनचं." मामींचा आवाज पुन्हा वाटीत मावणारा.

अक्का काठी टेकत पुढे झाल्या. कुणी काही न दाखवता त्यांचा हात नेमका त्याच निरीवर गेला. त्यांनी ती उलटी केली, डोळ्यांजवळ नेली, पुन्हा नीट बसवली. तेव्हा मला कळलं, अक्कांना जागा माहीत होती.

"ताटं वाढा," एवढंच म्हणाल्या.

विसर्जनानंतर खीर-कानवल्याची शिदोरी बांधताना अक्का बोलल्या. "ट्रंकेत पोथी होती, तिच्यात खुणेला ठेवलेलं पेन फुटलं मेलं. आठ दिवस झटले मी नांदेडात. कुणाला सांगू? पेन परत घडीतच ठेवलं, वाटेत फुटलं असं वाटावं म्हणून. वाटलं, तू बघशील आणि गल्लीभर मिरवशील."

"कसला डाग, अक्का? मी नाही बघितला."

"लबाड," अक्का म्हणाल्या आणि आयुष्यात प्रथमच जावेकडे बघून हसल्या. "मुखवटे कपाटात ठेव. मऊ कापडात गुंडाळ. मी पुढच्या वर्षी पाहुणी म्हणून येते."

शब्दाला जागल्या. दर वर्षी येत राहिल्या, पाटावर बसून मामींच्या पुरणाला नावं ठेवत राहिल्या. पुढे आमची बदली पुण्याला झाली. एका श्रावणात मामांचं पत्र आलं, एका ओळीचं. मामी गेल्या होत्या. मला वाटलं, संपलं. दुखवट्याचं वर्ष सरलं की महालक्ष्म्या नांदेडला परत.

वर्ष उलटल्यावर भाद्रपदात राहवेना म्हणून बरकतपुऱ्याला गेले. दार उघडंच. आत पुरणाचा वास. मामा सोवळं नेसून थरथरत्या हातानं रांगोळीचे ठिपके देत होते, आणि चुलीपाशी, नव्वदीला टेकलेल्या, कमरेत वाकलेल्या अक्का आंबील ढवळत होत्या. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही इथे? नांदेडला नाही नेल्या?"

अक्कांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "नांदेडला काय आहे? नुसतं घर आहे. देव सुमनकडं आहेत," म्हणाल्या आणि पळी माझ्याकडे सरकवली. "हात धुऊन ये. ढवळ. खाली लागू देऊ नको."